कायमचा पत्ता असलेले भटके

कुणी स्वतःची ओळख 'डिजिटल नोमॅड' अशी करून दिली की मी एकच प्रश्न विचारतो : पासपोर्टवर पत्ता कुठला आहे? आजवर कुणीही अडखळलेलं नाही. कोथरूड, बाणेर, ठाणे पश्चिम. सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, पिनकोड, सगळं तोंडपाठ.

तर मुद्दा असा की ज्याला पिनकोड पाठ आहे तो भटका नव्हे. तो सुट्टीवर असेल, कामावर असेल, किंवा दोन्ही एकदम करत असेल. मजेत करा, माझी काही तक्रार नाही. फक्त तो शब्द तेवढा खाली ठेवा. तो आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आहे.

कुणाच्या, तर आमच्या. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दिग्रस तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. माझ्या जातीच्या दाखल्यावर 'विमुक्त जाती (अ)' असं छापलेलं आहे. 'विमुक्त जाती आणि भटक्या जमाती' हे सरकारदरबारी एकत्रच बोललं जातं, व्हीजेएनटी. त्यातला 'एन' म्हणजे नोमॅडिक. म्हणजे नोमॅड म्हणून सरकारी शिक्का असलेला माणूस मी, आणि बायोमध्ये नोमॅड लिहिणार माझा पुण्याचा मित्र. आता बोला!

हा मित्र कॉलेजपासूनचा. गेली काही वर्षं तो कंपनीचा लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरतो. गोव्यात मोरजी झालं, व्हिएतनाममध्ये होई आन झालं, आणि गेल्या खेपेला श्रीलंकेतलं वेलिगामा. तिथून त्याचा रोज एक फोटो यायचा, आणि फोटोखाली "ये ना रे!" शेवटी गेलो एकदाचा. मुंबईहून कोलंबोला विमान, मग कोलंबो फोर्ट स्टेशनावरून माताराकडे जाणारी ट्रेन. ही ट्रेन कित्येक ठिकाणी समुद्राच्या इतकी जवळून जाते की खिडकीतून पाणी अंगावर उडेल असं वाटतं. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला ब्रॉडगेजची वाट बघण्यात पिढ्या गेल्या, तिथल्या माणसाला ट्रेनच्या खिडकीत समुद्र म्हणजे जरा जास्तच झालं.

वेलिगामा म्हणजे सिंहलीत वाळूचं गाव. अर्धगोल उपसागर, मऊ लाटा. सर्फिंग शिकणाऱ्यांना त्या बऱ्या पडतात म्हणून किनाराभर शिकवण्या आणि भाड्याच्या फळ्या. मित्राचा दिवस असा : सकाळी फळी घेऊन पाण्यात, दुपारी एकपासून क्लायंटचे कॉल, रात्री कॅफेत जर्मन, इस्रायली, ऑस्ट्रेलियन मंडळींबरोबर गप्पा. पुण्यातला फ्लॅट त्याने भाड्याने दिलाय, त्या भाड्यातच इथली खोली निघते. भटका, आणि शिवाय घरमालक.

जवळच अहंगमा, कोग्गल या भागात समुद्रात रोवलेल्या खांबांवर बसून गळ टाकणारे कोळी दिसतात. फोटोत तुम्ही ते नक्की पाहिलेत. आता त्यातले बरेचसे मासे पकडत नाहीत, फोटोपुरते खांबावर चढतात आणि उतरून पैसे मागतात. त्यांनी तरी काय करावं? माशापेक्षा फोटोला भाव जास्त. पण एखाद्याच्या पोटाचा धंदा दुसऱ्याच्या प्रोफाइलची शोभा कसा होतो, हे तिथे उभ्या उभ्या दिसतं.

पहिल्याच संध्याकाळी मित्र म्हणाला, "इथलं सगळ्यात भारी काय माहितीये? कुणी विचारत नाही. कुठून आलास, किती दिवस राहणार, काय करतोस, काही नाही. आय अ‍ॅम फ्री."

खरंच होतं ते. गेस्ट हाऊसवाल्याने पासपोर्टची झेरॉक्स घेतली आणि हसून किल्ली दिली. मित्र टुरिस्ट व्हिसावर होता, मुदत वाढवून घेतली होती, आणि रोज आठ तास काम करत होता. टुरिस्ट व्हिसावर काम करता येतं का, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने कुणाला सांगितलं नाही.

मला ते वाक्य झोंबलं. कारण भारतात खऱ्या भटक्याला सगळ्यात आधी विचारतात ते नेमके हेच तीन प्रश्न. कुठून आले? किती दिवस राहणार? काय करता? गावाबाहेर कुणी पाल ठोकलं की गावकरी विचारतात, पोलीसपाटील विचारतो, मग पोलीस विचारतात. उत्तर पटलं नाही तर रातोरात पाल उठवावं लागतं.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. आम्ही बंजारे, लमाण. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला असं सांगतात. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्यावरचं मीठ आत न्यायचं, आतलं धान्य दुसरीकडे न्यायचं, हा धंदा. त्याला आमच्याकडे 'लदेणी' म्हणतात. मुघलांच्या फौजांना धान्य पुरवणारे हेच तांडे होते. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर जाऊन कामधंदा करणं ही आयडिया काही लॅपटॉपवाल्यांनी काढलेली नाही. आमचे लोक मीठ आणायला जात, एवढाच फरक.

मग रेल्वे आली, पक्के रस्ते आले, आणि बैलांचा धंदा बसला. त्याच काळात, १८७१ साली, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तरेत होता, १९११ नंतर बाकीच्या हिंदुस्थानातही लागू करता येऊ लागला. एकेक जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार. नाव नोंदवा, पोलिसांकडे हजेरी द्या, हद्द ओलांडायची तर पास घ्या. इंग्रजांना फिरता माणूस नकोच होता, कारण फिरत्या माणसावर ना सारा बसवता येतो ना नजर ठेवता येते. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. 'विमुक्त' शब्द तिथून आला. १५ ऑगस्टला देश मुक्त झाला, आम्ही नंतर विमुक्त. महाराष्ट्राच्या यादीत अशा चौदा जाती आहेत.

आता माझा सगळ्यात आवडता सरकारी नियम ऐका. विमुक्त किंवा भटक्या जमातीचा दाखला काढायचा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. नीट वाचा. भटक्याने तो भटका आहे हे सिद्ध करायला आधी हे सिद्ध करायचं, की तो कुठेतरी राहत होता! माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी बाबा एका कचेरीत किती खेपा घालून आले ते मोजणंही आम्ही सोडून दिलं होतं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा म्हणे. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, तर सोडणार कुठून? आमचा तांडा निदान एका जागी बसलेला होता, महसुलाच्या कागदात कुठेतरी नाव निघालं आणि सुटलो. ज्यांचं पाल आजही दर पंधरा दिवसांनी हलतं, त्यांनी १९६१ चा कागद कुठून काढायचा?

याउलट डिजिटल नोमॅडचं बघा. हा शब्द रूढ केला तो त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ च्या त्याच नावाच्या पुस्तकाने. ऑगस्ट २०२० मध्ये एस्टोनियाने अशा लोकांसाठी खास व्हिसा काढला. पोर्तुगालने २०२२ मध्ये काढला, अट ठेवली की कमाई तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी. थायलंडने २०२४ मध्ये काढला, खात्यात पाच लाख बाट दाखवा म्हणाले. म्हणजे जगाची ही नवी व्याख्या सरळ आहे : ज्याच्या खात्यात पैसे आहेत तो नोमॅड, ज्याच्या नाहीत तो उपरा. पहिल्याला लाल गालिचा, दुसऱ्याला हजेरीची वही.

तुम्ही म्हणाल, १८७१ चं कशाला उकरतोस, आता ते राहिलंय का? ठीक. मार्च २०२० घेऊ, ते तर तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

त्या महिन्यात आपल्या धंद्यातल्या लोकांना शोध लागला की ऑफिसात न जाताही काम होतं. तिथूनच पुढे ही डोंगरातून कोड, बीचवरून कॉल अशी लाट आली. नेमक्या त्याच महिन्यात राज्यातले ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात, फडांत, कोप्यांमध्ये अडकून पडले. हंगाम संपत आलेला, गावी जायचं तर जिल्ह्याच्या सीमा बंद. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारने परवानगी दिली तेव्हा ते निघाले. एकाच लॉकडाऊनने एका जातीच्या फिरस्त्यांना पंख दिले आणि दुसऱ्यांना कोपीत कोंडलं. फरक बुद्धीचा नव्हता, मेहनतीचा तर नव्हताच.

आमच्याकडे पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस भागातले तांडे दिवाळीनंतर असे रिकामे होतात की दारावर कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसं, एवढंच उरतं. कोरडवाहू कापसावर वर्ष निघत नाही. मग कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्या-मुंबईला, कुणी हैदराबादला बांधकामावर. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दोन माणसांचा एक कोयता, हिशेब तसाच. मुकादमाकडून आधी 'उचल' घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. पाच-सहा महिने, दर थोड्या दिवसांनी नवं रान, नवी जागा. रिमोट वर्क नाही तर काय हे? फक्त कॅफे नाही, आणि लाट आली तर ती थंडीची.

आणि रस्त्यावरच्या माणसाकडे आपण कसं बघतो याचा हिशेब मांडायचा तर १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून आधीच फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मरेपर्यंत मारलं. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते त्या गावचे नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आपल्याच धंद्यातल्या कुणीतरी तो पाचचा आकडा कोडमध्ये टाकला असेल. पाच माणसं, पाच फॉरवर्ड.

वेलिगामात एखादा परका पोरांशी हसून बोलला तर लोक त्याला फ्रेंडली म्हणतात. आपल्याकडे डवरी गोसावी तेच करताना दिसला तर...

हे सगळं मी मित्राला तिथेच, किनाऱ्यावर बसून ऐकवलं. (सुट्टी खराब करण्यात मी पटाईत आहे.) तो चिडला नाही, पण त्याने दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही बिनतोड होते, म्हणून इथे देतो.

पहिला : "मग मी काय करू? लॅपटॉप बंद करून ऊस तोडू?" दुसरा : "तुझ्या लोकांना तरी कुठे भटकायचंय? त्यांना पक्कं घर पाहिजे. तू स्वतः हिंजवडीत फ्लॅट बघतोयस. मग हा शब्द मी घेतला तर तुझं काय गेलं?"

दुसऱ्यापासून सुरुवात करतो. बरोबर आहे, तांड्यावर कुणालाही वाटेची ओढ वगैरे नाही. ते सगळं पुस्तकात. आमच्या जिल्ह्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांनी १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून जास्त काळ या राज्याचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं, आणि तांड्यातल्या प्रत्येक बापाने पोराला त्यांचं उदाहरण दिलं ते 'शीक आणि स्थिर हो' म्हणून, 'फिर' म्हणून नव्हे. पण म्हणूनच तर तो शब्द असा मिरवू नये. आमच्या याडीने आयुष्यभर ज्या गोष्टीतून सुटायची धडपड केली, तिचा तुम्ही टी-शर्ट करता. तुमचं फिरणं हौसेचं, कारण परतायची सोय आहे. तिचं फिरणं उचल फेडायचं. या दोन गोष्टींना एक नाव दिलं की दुसरी गोष्ट दिसेनाशी होते. गुगलवर 'नोमॅड लाइफ' शोधून बघा, कोपी दिसते का!

आणि पहिला प्रश्न. नाही, ऊस तोडू नकोस. सर्फिंगही सोडू नकोस. तिथल्या खानावळवाल्याला तुझ्यामुळे चार पैसे मिळतात, हे मला दिसलं, ते खोटं नाही. पण जी चैन तुला मिळाली ती नक्की कुठली, हे तरी नीट ओळख. समुद्र ही चैन नव्हे. तू कुठेही असलास तरी तुझा पगार, बँक, विमा, डॉक्टर, ओळख हे सगळं तुझ्यामागून येतं, ही खरी चैन. आणि ती चैन प्रत्येक फिरत्या माणसाला देता येते. हे मी भाबडेपणाने म्हणत नाहीये, इंजिनीअर म्हणून म्हणतोय.

मोबाइल नेटवर्कचं डिझाइन आठवा. जुन्या जीएसएममध्ये दोन वह्या असतात : होम लोकेशन रजिस्टर आणि व्हिजिटर लोकेशन रजिस्टर. एक घरची वही, एक पाहुण्यांची. तुम्ही दिग्रसचं सिम घेऊन कोल्हापुरात गेलात की तिथली पाहुण्यांची वही तुमचं नाव लिहून घेते आणि घरच्या वहीला कळवते. फोन वाजतो. कोल्हापूरचा टॉवर तुम्हाला १९६१ चा पुरावा मागत नाही. आपल्या सरकारकडे मात्र फक्त घरची वही आहे. पाहुण्यांची वही त्याने कधी केलीच नाही. केली ती फक्त पोलिसांनी.

जमतं का? जमतं. रेशनचं बघा. 'एक देश, एक रेशनकार्ड' २०१९ ला सुरू झालं आणि २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचलं. कार्ड दिग्रसचं असलं तरी धान्य दुसऱ्या गावच्या दुकानात मिळू शकतं. अडचणी असतील, अंगठा उमटत नसेल, दुकानदार टाळाटाळ करत असेल, पण तत्त्व मान्य झालं : हक्क माणसामागून जाईल. मग तेच तत्त्व बाकी ठिकाणी का नाही?

शाळेचं घ्या. पोर नोव्हेंबरात आईबापाबरोबर फडावर जातं, एप्रिलात परत येतं. मागे ठेवायचं तर हंगामी वसतिगृहं आहेत, पण पोराने आईला सोडून राहायचं. बरोबर न्यायचं तर मधले महिने ते नक्की कुठल्या शाळेचं, हे दोन्हीकडच्या हजेरीपटाला माहीत नसतं. मतदानाचं घ्या. गेल्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, ऐन तोडीला निघायच्या महिन्यात. मित्राला वेलिगामातून मत देता येत नाही, पण तो तिकीट काढून येऊ शकतो. कोयत्याला तिकीट कोण काढून देणार? जनगणनेचं घ्या. जनगणना फेब्रुवारीत होते, तेव्हा तांड्याला कुलूप असतं. बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकतात, २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीची रात्र होती. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने रेणके आयोग नेमला, त्याचा अहवाल २००८ चा. मग इदाते आयोग नेमला, त्याने २०१७-१८ च्या सुमारास काम संपवलं. ही माणसं नक्की किती, ते नीट मोजलेलंच नाही, हे रडगाणं दोन्ही वेळा होतं. जे मोजलं जात नाही त्याचं बजेट होत नाही, हे कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरला विचारा.

गोव्यातला एक प्रकार सांगून थांबतो. तिथल्या किनाऱ्यांवर आरशांचं भरतकाम, माळा, पिशव्या विकणाऱ्या लमाणी बायका तुम्ही पाहिल्या असतील, बहुतेक कर्नाटकातून आलेल्या. अधूनमधून त्यांना किनाऱ्यावरून हुसकावायच्या मोहिमा निघतात, पर्यटकांना त्रास होतो म्हणून. आणि तिथेच जवळच्या दुकानात 'बोहो' नावाखाली तसंच भरतकाम चौपट किमतीला लटकलेलं असतं. भटक्याचा झगा चालतो, भटकी चालत नाही. 'नोमॅड' शब्दाचंही नेमकं हेच झालंय.

आता तुमच्या-माझ्या हातातलं काय ते बोलू. हे वाचणारे बरेचजण कुठल्या ना कुठल्या अ‍ॅपचे, पोर्टलचे फॉर्म बनवतात. बँकेचे, विम्याचे, कॉलेजच्या प्रवेशाचे, सरकारी योजनांचे. त्यात 'कायमचा पत्ता' नावाची एक चौकट असते आणि तिच्यासमोर लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती चांदणी कुणी कायदा करून लावलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा ती आपणच लावतो, कारण आधीच्या फॉर्ममध्ये होती, आणि आधीच्यात का होती हे कुणी विचारलेलं नसतं.

पुढच्या वेळी तो फॉर्म हातात आला की मीटिंगमध्ये हात वर करून एवढंच विचारा, की हा पत्ता खरंच लागतो का, की माणूस सापडला म्हणजे झालं? फोन नंबर पुरेल का? आत्ता जिथे आहे तिथला पत्ता चालेल का? दहातल्या सात वेळा गप्प बसवतील. तीन वेळा चांदणी निघेल. तेवढं केलंत तर खुशाल बायोमध्ये नोमॅड लिहा, मी पिनकोड विचारणार नाही.